कपाटातली बायको

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी खुशाल आहे. आमचा नवा सिनेमा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे लागतोय. दोनच रिळांचा. नवऱ्याचा चोरून चाललेला पत्त्यांचा डाव पकडायला बायको कपाटात लपते, नवरा नकळत कपाटाला कुलूप लावतो आणि मित्रांना बोलावून मजा मारतो. शेवटी बायको कपाटासकट त्याच्या अंगावर! नवरा म्हणजे अर्थातच हे, आणि बायको मी. लोक पोट धरून हसतील.

मागच्या सिनेमात शिडीवरून पडल्यापासून घरी मात्र ह्यांनी तोंडच मिटलंय. "आता ही पडापडी पुरे करा, कंबर मोडून घ्याल," एवढंच मी म्हणाले होते. तेव्हापासून नुसतं हं आणि हूं. भिंतीशी संसार करतेय म्हण.

म्हणून शूटिंगला, पीठ उधळून झाडूने बडवायच्या प्रसंगात, मी मनातलं बोलून घेतलं. मुक्या सिनेमात ऐकतंय कोण? म्हटलं, "हे काम संपलं की मी ताईकडे जाते. कायमची." दिग्दर्शक खूश. "वा बाई! असंच भांडा!"

मग मी कपाटात शिरले. ह्यांनी कुलूप लावलं, कपाटाला पाठ टेकून बसले आणि कॅमेऱ्याकडे बघत काहीतरी बोलत राहिले. खरं तर तिथे गालातल्या गालात हसायचं होतं. शेजारी सुतार पुढचा सेट ठोकत होते, मला एक शब्द कळला नाही. बाहेर आले तर हे तोंडावरचं पीठ धूत होते. मी विचारलं नाही. भीती वाटली गं.

तापात तुझे कान गेले, तेव्हापासून आपण आईसमोर नुसते ओठ हलवून तिच्याच चहाड्या करायचो. तुला ओठ वाचता येतात. सिनेमा बघ आणि असेल ते कळव. 'ब्याद टळली' म्हणाले असतील तरी कळव. ट्रंक भरून ठेवलीय.

तुझी,
धाकटी

ता. २० मार्च

धाकटे,

पाहिला. सगळं थिएटर खदखदत होतं. शेजारची बाई हसून हसून डोळे पुसत होती. मीही पुसले, पण हसून नव्हे.

तुझे हे पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पडायला मी भीत नाही. ही गेल्यावर उठायचं कशाला, तेवढं कुणीतरी सांगा."

माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली होती. आता तिथे बटाटे पसरते.

तुझी,
ताई