वहिनींनी ऐकलेला शब्द

जि. सोलापूर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवानी,

तुझा निरोप मिळाला. सातवा महिना लागला, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, हे वाचून मी दुकानातच हात जोडले. युरियाच्या पोत्यासाठी आलेला माणूस माझ्याकडं बघत राहिला. कुबसाचा दिवस ठरल्याचंही वाचलं. त्याखाली तू लिहिलंस, "काका, तुम्ही नक्की या. ओटी सासरच्या, ऋतुराजच्या आत्या भरतील. काकूला आणू नका." तुला जेवढं ठाऊक आहे, तेवढ्यावरून दुसरं काही लिहिताच येत नाही. पण कुबसा, म्हणजे तुझ्या सासरच्या बोलण्यात डोहाळजेवण, त्याला पहिली ओटी माहेरच्या बाईनं भरायची आपली रीत आहे, आणि तुझ्या माहेरी आता काकूशिवाय दुसरी बाई उरलेली नाही. तिची ही जागा राहते की जाते, याच्यासाठी फोन न करता कागद घेऊन बसलोय. फोनवर तू मध्येच "असू द्या हो काका" म्हणशील आणि मी लगेच गप्प बसेन. गप्प बसायची मला चांगली सवय आहे.

इकडं यंदा पाऊस फार झाला. रान लवकर वाफशावर आलं नाही, ज्वारीची पेरणी मागं पडली. तूर मात्र फुलोऱ्यात आहे. दुकान चाललंय. लोक येतात आणि म्हणतात, "शरणबसवप्पा, डबल डोस द्या की, पीक कसं तरारून आलं पायजे." मी सांगतो, जास्त टाकलं म्हणून जोम येत नाही, मूळ जळून जातं, रानाला लागतं तेवढंच द्यावं. वीस वर्षं हेच सांगतोय. दुसऱ्याच्या पिकाबद्दल मला एवढी अक्कल आहे.

तुझ्या आईचं दुखणं सुरू झालं ते कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर. तू पुण्यात अडकलेली, तुझे वडील तर त्याच्या आधी चार वर्षं गेलेले. वहिनींना सकाळी बोटं मिटता येईनात. भाकरी थापता थापता त्या परातीवर हात टेकून बसून राहायच्या. उन्हात गेल्या की गालांवर लाल चट्टे उठायचे. तुझी काकू गौरम्मा त्यांना चिडवायची, "अक्का, म्हातारपणी लाजताय व्हय कुणाला?" दोघी जावा होत्या, पण भांडल्या तरी एकाच ताटात जेवायच्या, हे तू पाहिलेलं आहेस. मी वहिनींना सोलापुरात मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, लघवी तपासली. डॉक्टरीणबाई मराठी बोलणाऱ्या, वहिनींना बाजारापुरती मराठी. म्हणून मधे मी. वहिनींचं माहेर पलीकडचं, कर्नाटकातलं. तीस वर्षं आपल्या घरात राहूनही त्या विचार कन्नडमध्येच करायच्या. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, वहिनींची शक्ती कमी झालीय, गोळ्या शक्तीच्या आहेत. तुलाही फोनवर तेच सांगितलं. तू फाईलचे फोटो मागितलेस, मी पाठवतो म्हणालो, आणि पाठवले नाहीत.

ते वर्ष आठव. प्रतिकारशक्ती हा शब्द तेव्हा आपल्या गावात पाहुण्यासारखा आला आणि घरजावई होऊन बसला. पंचायतीच्या भिंतीवर, रेशनच्या दुकानावर, पिठाच्या गिरणीवर, जिकडंतिकडं प्रतिकारशक्ती वाढवा. शेजारची कमलम्मा म्हणायची, "आमी म्हशीची बी वाढवली, आता ती धार काढू देईना." आपल्या घरात हसू व्हायचं. त्या हसण्यातच गौरम्मानं बांधावरच्या लिंबावरची गुळवेल तोडून आणायला सुरुवात केली. रोज पहाटे आधी वहिनींचा काढा, मग घरचा चहा. तो इतका कडू असायचा, की वहिनी नाक दाबून प्यायच्या आणि म्हणायच्या, "गौरी, तू मला जगवूनच मारणार." हे वाक्य नंतर कितीजणांनी किती वेळा उगाळलं, ते तुला माहीत नाही.

दोन महिन्यांत वहिनींना खरंच बरं वाटू लागलं. बोटं मोकळी झाली. तो गोळ्यांचा गुण होता, पण नाव काढ्याचं झालं. गोळ्यांनी तोंड सुजायचं, पोटात जळजळायचं. वहिनी म्हणाल्या, शक्ती आली की आता, मग शक्तीच्या गोळ्या कशाला? आधी एक दिवसाआड केल्या, मग बंदच. मला विचारलं होतं. मी म्हणालो, बरं वाटतंय ना, मग बघा तुम्हीच.

पुढचं तुला माहीत आहे. पाय सुजले, लघवी कमी झाली, मूत्रपिंडं गेली. तू आलीस तेव्हा त्या अतिदक्षता विभागात होत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी काय काय देत होता? गौरम्मानं काहीच लपवलं नाही. गुळवेल, अश्वगंधा, आवळा, केव्हा, किती, सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं सांगितलं. बाई चिडल्या. "असलं काही द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?" सगळ्यांनी गौरम्माकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत होतो. तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, "काकू, तू माझ्या आईला मारलंस."

त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षं तू इथं नव्हतीस, म्हणून थोडं सांगतो. जत्रेच्या दासोहाच्या पंगतीला गव्हाची गोड हुग्गी गौरम्माच्या हातची, हे आपल्या गल्लीत ठरलेलं होतं. त्या वर्षी ती कढईजवळ गेली, तर कुणीतरी हळूच झारा काढून घेतला, म्हणे, तुमी दमला असाल, बसा. एका लग्नात चहा द्यायला उभी राहिली, तर बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "जपून प्या गं, गौरम्माचा हात लई गुणाचा हाय." सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी येऊन तिनं कपबश्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. तुझ्या लग्नात ती शेवटच्या रांगेत बसली आणि अक्षता जागेवरूनच टाकल्या. आता ती कुणाच्या घरी काही करून नेत नाही. मी तापलो, तर गोळी स्वतःच्या हातानं देत नाही. पाकीट आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवते आणि बाजूला होते.

आता त्या पहिल्या दिवशी दवाखान्यात काय झालं ते लिहितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मावशी, तुमची प्रतिकारशक्ती जास्त झालीय. बाहेरच्या रोगाशी लढायचं सोडून ती तुमच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर तुटून पडतेय. तिला कमी करून ताळ्यावर आणायच्या या गोळ्या आहेत. एकही दिवस चुकवायच्या नाहीत, मनानं बंद करायच्या नाहीत. आणि शक्ती वाढवायची म्हणून काढे, चूर्णं, काहीसुद्धा घ्यायचं नाही." बाईंच्या तोंडाला मास्क होता, पण मी नीट ऐकलं. ऐकण्यात माझी चूक झाली नाही. वहिनींकडं वळलो आणि म्हणालो, "शक्ती कडिमि आग्याद." शक्ती कमी झालीय.

का म्हणालो, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. एका घराआड एकेक माणूस मरत होतं, अख्खा गाव शक्ती वाढवायच्या मागं होता. अशात या बाईला सांगितलं, की तुझ्यात शक्ती फार आहे आणि ती कमी करायच्या गोळ्या रोज घे, तर ही गोळ्या गटारात टाकेल, असं मला वाटलं. तिच्या भल्यासाठीच केलं, असं वाटलं. एक शब्द बदलला, की पुढची वाक्यं आपोआप बसेनाशी होतात. शक्ती कमी असेल तर काढा का नको, हे काही जमेना. म्हणून ते वाक्य मी गाळलं.

आणि याहून वाईट हे, की वहिनींनी ऐकलं होतं. जास्ती हा शब्द कन्नडमध्येही आहे, हे तुला ठाऊकच आहे. वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि मला विचारलं, "जास्ती अंद्रल्ल?" जास्ती म्हणाल्या ना त्या? मी हसलो. म्हणालो, "वहिनी, जास्ती काळजी घ्या म्हणाल्या त्या." त्यांनी क्षणभर डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "असंल. तुम्ही शिकलेले," म्हणाल्या आणि उठल्या. दहावीपर्यंत शिकलोय मी, गावातल्या शाळेत. तेवढ्या शिक्षणानं वहिनींचा खरा शब्द खोटा पाडला.

दवाखान्यात बाई गौरम्मावर चिडल्या, तेव्हाच मला सगळं लख्ख कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तू पायऱ्यांवर बोललीस, तेव्हाही एकच वाक्य बोलायचं होतं. आधी वाटलं, आत्ता नको, दिवस होऊ देत. मग वाटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग तुझं लग्न होऊ दे. आपला देव देवळात नाही, तळहातावरच्या इष्टलिंगात आहे. रोज सकाळी अंघोळ करून, भस्म लावून मी त्याला हातावर घेतो आणि त्याच्याकडं एकटक बघत बसतो. एवढ्या जवळ असलेल्या देवाशी इतके दिवस खोटं बोलता येतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

तुझा निरोप आला, तेव्हा मी गौरम्माला अर्धाच वाचून दाखवला, सातव्या महिन्याचा. तिनं काही विचारलं नाही, ट्रंकेतून खण काढून त्याच्या घड्या बघायला लागली. मला पुढचं वाचवेना. म्हणून पुढचं न वाचता मागचं सांगितलं. वहिनींचा प्रश्नसुद्धा सांगितला. तिनं खण घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे अक्कानं बरोबर ऐकलं होतं." मला वाटलं, आता ओरडेल, काही फेकेल. ती उठली आणि भाताचं आधण ठेवलं. दोन दिवसांनी तिनं विचारलं, निरोपात आणखी काय होतं? मी सांगितलं.

एक कामाचं लिहितो. या पत्रासोबत वहिनींची सगळी फाईल पाठवतोय, पहिल्या दिवसाच्या कागदापासून. आजाराचं नाव त्यावर इंग्रजीत आहे, ल्युपस. ती फाईल तुझ्या डॉक्टरांना दाखव. हा आजार आईला असेल तर मुलीला होतोच असं नाही, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांना ठाऊक असावं, असं मला इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हे मी दोन वेळा विचारून घेतलं, आणि त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय. तुझ्या डॉक्टर काय म्हणतात ते तू स्वतःच्या कानांनी ऐक. मधे कुणाला घेऊ नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. मी गौरम्माला म्हणालो, शिवानीला सगळं कळवतो, मग ती तुला बोलावेल. त्यावर ती जे बोलली, ते तिनं तुला पोचवायला सांगितलंय. बोलली कन्नडमध्ये, त्याची मराठी अशी. "तिला लिहा, तू मला आईला मारलंस म्हणालीस, त्याचा राग नाही. आई गेलेल्या पोरीच्या तोंडाला कुणी हात लावू नये. पण एवढ्या वर्षांत तू एकदाही मला विचारलं नाहीस, की काकू, तू काढा का दिलास? विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, तुझ्या काकांनी शक्ती कमी आहे म्हणून सांगितलं. तिथंच सगळं उघडं पडलं असतं. आता तू बोलावशील, पण मी येणार नाही. माझ्या हातानं ओटी भरली नाही म्हणून बाळाचं काही अडत नाही. सुखरूप सुट." मग मला म्हणाली, "आणि तुमच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, तुम्हाला रोज देवापुढं बसायचंय." बाळा, सातव्या महिन्यातल्या पोरीला हे असं लिहू नये, हे मलाही कळतं. काकूला बरं नाही म्हणून येत नाही, एवढं लिहिलं असतं तर तुलाही बरं वाटलं असतं आणि मलाही. दोनदा तसं लिहून कागद फाडले. ती जे बोलली तेच वर लिहिलंय. त्यात कमी काही केलेलं नाही.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
शरणबसव काका