थरथरीचं बटण

उकवा, १० मार्च १९७४

चि. घनश्याम यास कमलाताईचे अ. उ. आशीर्वाद व जयभीम.

तू नागपूरच्या ऑर्केस्ट्रात विजेवरची गिटार वाजवतोस हे मी गावभर सांगून बसले. आता लोक विचारतात आणि मास्तरीण असून मीच अडते. परवा रेडिओवर ऐकली, तार नुसती थरथरत होती. ती थरथर कशाने येते ते नीट लिही.

बाबांची मात्र काळजी वाटते. लकव्यानंतर आवाज हलतो म्हणून त्यांनी गाणंच सोडलं. धर्मांतरानंतरच्या पहिल्या जयंतीपासून पहिलं गाणं त्यांचं. यंदा आपल्या जागी स्वतःच गावातल्या हिरालालचं नाव सुचवून आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. विचारलं तर म्हणाले, असा हालता गळा घेऊन लोकायसमोर काहून उभा राहू. मला फार वाईट वाटलं.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी ताई


नागपूर, १८ मार्च १९७४

ती. ताईस घनश्यामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आमच्या ॲम्प्लिफायरला दोन बटणं आहेत. एक थरथरीचा वेग ठरवतं, दुसरं तिची खोली. तार सरळच वाजते, यंत्र तिचा आवाज भराभर लहान-मोठा करतं. शिवाय गिटारवर एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल होतात आणि सूरच खाली-वर झुलतो. पहिला प्रकार समजून घ्यायचा तर चालत्या टेबलपंख्यासमोर एकच सूर लांबव.

गंमत अशी, की बटणं शून्यावर ठेवली तर आवाज सुतासारखा सरळ येतो आणि आमचे मास्तर रागावतात, अरे, जान कहाँ है म्हणून. हे बाबांना जरूर वाचून दाखव. माझं अक्षर सुधारलंय असंही सांग, खोटं का होईना.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा घनश्याम


उकवा, १ एप्रिल १९७४

चि. घनश्याम यास अ. उ. आशीर्वाद.

रविवारी शाळेतला पंखा घरी आणला. मी सूर लावला तर तुकडे तुकडे होऊन आला. मग बाबा पुढे सरकले. मास्तर रागावतात ते वाक्य त्यांनी आधीच तीनदा वाचायला लावलं होतं. पंख्यासमोर जयंतीचं गाणं म्हणू लागले, आणि त्यांची थरथर कोणती नि पंख्याची कोणती, काही कळेना. त्यांनाही कळेना, म्हणून आवाज मोकळा सुटला.

मध्येच लाईट गेली. पंखा थांबला, बाबा थांबले नाहीत. डोळे मिटलेले होते. शेजारची तुळसाबाई सूप घेऊन दारात आली होती, ती तिथेच खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही राहवलं नाही.

संध्याकाळी बाबा स्वतः हिरालालकडे जाऊन सांगून आले, दुसरं गाणं तुझं.

येताना अंगाने भरलेला दिसू दे, एवढीच माया मागते.

तुझी ताई

ता. क. बाबा सांगतात तसं लिहिते: जयंतीले गिटार घेऊन येजो. बटन शून्यावर ठेवजो. थरथर माह्याजवळ हाये.