अर्जदाराचे वडील

॥ श्री ॥

पिंपरी, ता. ९ जानेवारी १९५६

चि. ज्योतीराम यास सोपानमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तिकडचे कळवावे.

वि. वि. फिटरच्या जागेसाठी केलेला तुझा मसुदा पोचला. तुझ्या मामीला वाचून दाखवला. ती म्हणाली, पोरगं नोकरी मागतंय की माधुकरी? अर्धा कागद तू नुसता पाया पडला आहेस. गरीब, नम्र, आज्ञाधारक! अरे, आज्ञाधारक फिटर घेऊन ते काय करणार? बिघडलेला पंप आज्ञा ऐकत नाही.

मी सध्या या नव्या कारखान्यात नळांचे काम घेतले आहे. हाफिसाच्या ओसरीवर पाइप जोडत असतो आणि कान उघडे असतात. अर्ज पुढे आला की भरतीचे साहेब कारकुनाला एवढेच विचारतात, याला येतं काय? वरच्या चार ओळींत त्याचे उत्तर मिळाले नाही, तर कागद पलीकडच्या ढिगात जातो. तेव्हा नाव, गाव, शिक्षण झाले की लगेच कामावर ये. इंजिनाचे काम येते असे मोघम लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. चाकणला दौलतरावांच्या दुकानात कोणती इंजिने खोललीस, काय बिघडले होते आणि तू काय केलेस ते लिही. मळ्यावरच्या इंजिनाचा अडकलेला पिस्टन तू न फोडता बाहेर काढलास. एवढी मोठी गोष्ट, आणि अर्जात तिचा पत्ता नाही. वेल्डिंग येते असे लिहिले आहेस ते काढ. तू ते लांबून पाहिले आहेस. साहेबाने हातात कांडी दिली तर काय करशील? ड्रॉइंग वाचता येते ते मात्र विसरलास. मधले वर्ष शेती केलीस तेही लिही, त्यात लपवण्यासारखे काय आहे? आजोबांची पाटीलकी काढ. दौलतरावांचा दाखला जोड. आणि सगळे एका पानात बसव.

दाजींचा खोकला कसा आहे ते लिहिले नाहीस. ती. अक्कास व दाजींस नमस्कार. आहे तो लोभ असाच नांदता ठेवावा.

तुझा,
सोपानमामा


॥ श्री ॥

काळूस, ता. २२ जानेवारी १९५६

ती. मामांच्या चरणी ज्योतीरामचा शि. सा. नमस्कार.

आपण सांगितले तसा अर्ज नव्याने लिहिला आणि इंग्रजीत टाइप करून घ्यायला खेडला गेलो. कचेरीबाहेर उद्धवराव अर्जनवीस बसतात. मसुदा वाचून ते हसले. म्हणाले, हा अर्ज आहे की इंजिनाची जन्मपत्रिका? पण पिस्टन त्यांनी राहू दिला. शेवटी मात्र एक ओळ घातलीच पाहिजे म्हणाले, की अर्जदाराचे वडील हयात नाहीत, आईचा भार त्याच्यावर आहे. मी म्हटले, वडील घरी आहेत, आज सकाळी त्यांनीच भाकरी बांधून दिली. तर म्हणाले, घरी असू देत हो, कागदावर नसले म्हणजे झाले. तालुक्यातून जाणाऱ्या प्रत्येक अर्जात ही ओळ असते, नसली तर पोरगा खाऊनपिऊन सुखी आहे असे साहेबाला वाटते. माझ्यामागे माणसे खोळंबली होती, यंत्र चालू होते. मी सही केली. अर्ज टपालात पडला.

घरी सांगितले तेव्हा आईने जाते थांबवले. आबा मात्र हसले. त्यांनी विचारले, मी कशानं मेलो ते लिहिलंय का? निदान पटकी तरी लिहू नका म्हणावं. मग सगळेच हसलो.

आपण रागावू नये. मामींस नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू द्यावा.

आपला आज्ञांकित,
ज्योतीराम


॥ श्री ॥

पिंपरी, ता. २७ जानेवारी १९५६

चि. ज्योतीराम यास आशीर्वाद.

अक्का हसली असेल असे मला वाटत नाही. तिने जाते का थांबवले ते तुला कळले नाही, मला इथे कळले.

झाले ते झाले. मुलाखतीचे बोलावणे येईल. आत गेल्यावर साहेबाने काही विचारायच्या आधी तूच सांग, की ती ओळ चुकीची आहे, माझे वडील आहेत. जागा जाईल असे वाटते ना? गेली तर माझ्याकडे ये, मी नळ जोडायला लावतो. पण सांग.

रागात आहे, म्हणून आवरते घेतो. लोभ कमी झालेला नाही, एवढे समजून असावे.

सोपानमामा


॥ श्री ॥

पिंपरी, ता. १४ जुलै १९५६

तीर्थरूप दाजी यांस सोपानचा सा. नमस्कार.

वि. वि. हे पत्र धर्माजी मास्तर वाचून दाखवतील. ते घरचेच आहेत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

चि. ज्योतीराम आमच्या घरी मजेत आहे. मामीच्या हातचे खाऊन अंगाने भरला आहे. कामात त्याचे नाव चांगले आहे. सप्टेंबरअखेर कायम होईल असे ओसरीवर ऐकले. पण मुलाखतीत तो बोलला नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. साहेबांनी आत जाताच पिस्टनचेच विचारले, खूश झाले, आणि याच्या ओठावर आलेले तिथेच राहिले. तेव्हापासून आज सांगतो, उद्या सांगतो चालले आहे.

परवा तुम्ही त्याला शेंगांचे गाठोडे घेऊन कारखान्याच्या दारावर आलात. मी मागे पाइपांची गाडी उतरवत होतो. हवालदाराने विचारले, फिटरचे कोण तुम्ही? आणि तुम्ही म्हणालात, चुलता. दाजी, मी आजवर पुष्कळ ऐकले, ठेकेदारांच्या शिव्याही ऐकल्या. पण हातातला पाइप पहिल्यांदाच सुटला. पुढे येऊन तुम्हांला घरी न्यावे एवढेही सुचले नाही.

पोराला तुम्ही एकदा सांगा, की जा आणि खरे सांग. माझे ऐकत नाही, तुमचे ऐकेल. अक्काला नमस्कार. माया आहे, ती तशीच वाढती असावी.

आपला,
सोपान


॥ श्री ॥

काळूस, ता. २१ जुलै १९५६

रा. रा. सोपानराव यांस गेनबाचा रामराम.

तुमचं पत्र मास्तरांनी वाचून दावलं. तुमी लई मनाला लावून घेता राव. चुलता म्हनलो, त्यात काय वंगाळ झालं? पोराला चुलता न्हाईच, ती जागा रिकामीच हाय. तिथं बसलो वाईच.

त्याला सायबाकडं जा म्हनून मी सांगनार न्हाई. तुमीबी सांगू नगा. सायेब म्हनला, लबाड हायस, जा घरी, मग? आमी चार पिढ्या ढेकळं फोडली. हे पैलंच पोरगं, ज्याच्या अंगाला मातीच्या जागी तेलाचा वास येतोय. मी कागदावर मेलोय, घरात दोन वेळा जेवतोय. मेल्यावर एवढी भूक लागती हे म्या न्हवतं आइकलं.

खोकला हाय तसाच हाय. तुमची अक्का काढं करून घालती. पोराला सांगू नगा.

एक मातुर झालं. दारावर गाठोडं घेताना पोरानं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. हवालदार बघत व्हता, म्हनून आसंल. तेवढं जरा लागलं. मास्तर, हे लिहू नगा.

तुमच्या घरच्या विमलबाईंना रामराम. जीव हाय तवर जीव लावू.

गेनबा, द. धर्माजी मास्तर

ता. क. शेवटचे लिहू नका असे गेनबा म्हणाले होते. मी लिहिले. — धर्माजी


॥ श्री ॥

पिंपरी, ता. १४ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप दाजी यांस सोपानचा सा. नमस्कार.

हे पत्र ज्योतीराम स्वतः घेऊन येत आहे, आणि तोच वाचून दाखवील.

मागच्या रविवारी तो तुम्हांला पाहून आला, तो न जेवताच निजला. तुम्हांला बसवत नाही, हे तुम्ही आणि अक्काने आमच्यापासून लपवलेत. कारखान्याचे डॉक्टर कामगारांच्या आईबापांना तपासतात. तो त्यांची चिठ्ठी मागायला गेला. कारकुनाने त्याचे कागद काढले आणि म्हणाला, तुझी फक्त आई आहे. हा तिथून निघाला तो सरळ साहेबांच्या खोलीत. मी ओसरीवर होतो. बाहेरची तोटी गळत नव्हती, तरी घट्ट करत बसलो.

म्हणाला, साहेब, माझे वडील आहेत, आजारी आहेत, मी खोटे लिहिले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, कोणती ओळ? कागद काढून त्यांनी पाहिली. दाजी, त्यांनी ती ओळ तोवर वाचलेलीच नव्हती. म्हणाले, पिस्टनपर्यंत वाचले आणि तुला बोलावले, खालचे वाचायची गरजच पडली नाही.

पोर भिंतीला टेकले, ते मला बाहेरून दिसले.

खोटे ते खोटे, म्हणून कायम होणे वर्षभर पुढे गेले. नोकरी राहिली. त्याने तिथेच बसून आपल्या हाताने दुरुस्ती लिहून दिली. तिची नक्कल आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्याजवळ आहे. सोमवारी गाडी करून तुम्हांला इकडे आणायचे आहे. हट्ट नको. मामीने खाट उन्हात टाकली आहे. तुमच्या मायेला हक्काने हाक मारतो, यावे.

आपला,
सोपान


काळूस, ता. २० सप्टेंबर १९५६

ती. मामांस ज्योतीरामचा नमस्कार.

वर श्री घातलेले नाही. आपण आगीला होतात, सगळे पाहिलेत. तिथे जे बोलता आले नाही, ते लिहितो.

मी शनिवारी पोचलो तेव्हा आबा भिंतीला टेकून होते. आपले पत्र वाचले. मग ती नक्कल वाचली, की अर्जदाराचे वडील गेनबा हे हयात असून काळूस येथे राहतात. आबांनी विचारले, अक्षर कुणाचं? मी म्हटले, माझं. म्हणाले, पुन्हा वाच. नंतर रस्त्याने जाणाऱ्या रंगरावांना हाक मारून बोलावले आणि त्यांच्यापुढे वाचायला लावले. रंगराव म्हणाले, गेनबा, हे तर आमाला ठाऊकच हाय की. आबा म्हणाले, तुला ठाऊक हाय रे, कंपनीला आज कळलं. आईला सोमवारसाठी मुंडासे धुवायला सांगितले. माझ्या तोंडाकडे बघत पडून राहिले. मीही बघत होतो. रविवारी दुपारी ते गेले. मुंडासे वाळत होते.

मामा, माझी रजा संपली. दिवस होईपर्यंत वाढवून मागायला हवी. कालपासून कागद घेऊन बसतो. वडील वारले, एवढेच लिहायचे आहे. ते मी एकदा लिहिले आहे. आता हात पुढे जात नाही. माझ्यासाठी एवढा अर्ज आपण लिहावा.

मामींस नमस्कार. आता डोक्यावर आपलाच हात आहे, तो असू द्यावा.

ज्योतीराम


पिंपरी, ता. २३ सप्टेंबर १९५६

चि. ज्योतीराम यास मामाचे आशीर्वाद.

अर्ज लिहून दिला. दोन ओळींचा आहे, त्याला माझी सबंध दुपार गेली.

कारकुनाने वाचून मोठ्याने म्हटले, अहो, परवाच तर हयात केले होते! मागे उभे असलेले दोघे हसले. साहेब आतून आले. त्यांनी अर्ज वाचला, रजा मंजूर केली आणि टोपी काढून थोडे उभे राहिले. हसणारे निघून गेले.

मग कारकुनाने तुझे कागद काढले आणि तांबडी लेखणी घेऊन तुझी दुरुस्तीची ओळ खोडायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटले, भाऊ, ती खोडू नका. खाली नवी लिहा. तो म्हणाला, अर्थ एकच होतो. मी म्हटले, होत नाही. आधी होते, मग गेले, असे असू द्या. त्याने माझ्याकडे पाहिले आणि खाली लिहिले. वरची ओळ तशीच आहे, तुझ्या अक्षरात.

अक्काला एकटे सोडू नकोस. दिवस झाले की ये. तुझे ताट मामी रोज वाढते आणि मग उचलून ठेवते. लोभ कुणी कुणाकडे मागायचा आता, तो आहे.

तुझा,
सोपानमामा