बासोड्याच्या दिवशी उकळलेली मोटार

वैशाली नगर, जयपूर
२ एप्रिल १९८५

ती. मालनवन्संना गिरिजाचा वाकून नमस्कार,

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, असं धरून चालते. (देत नसेल तर चढू नका. खालच्या खोलीत काय वाईट आहे?) मी बरी आहे.

गाडी विकून टाक, जावईबापूंनी गिऱ्हाईक शोधलंय, हे तुमचं पत्र पोचलं. म्हणणं पटतं. विधवा बाईनं दोन माणसांची, बिनछपराची, लालभडक विलायती मोटार ठेवून काय करायचं? तुमच्या भावाने रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आमेरच्या ठाकूरसाहेबांकडून ती एमजी आणली, तेव्हा मीही असंच काहीसं बोलले होते. पण विकायची वस्तू चालती असावी, म्हणून म्हटलं, एकदा लांब नेऊन बघावी. (मी चालवायला शिकले, हे कळवायचं राहून गेलं.) शेजारच्या रत्नमालाबाईंना, त्यांचे मेजर सध्या सीमेवर असतात, चाकसूला शीतलामातेच्या जत्रेला जायचंच होतं. निघालो.

आता या देवीची रीत अशी, की त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशीचं थंडगार खायचं, त्याला इकडे बासोडा म्हणतात. देवीला उष्णता खपत नाही. आणि नेमकी जत्रेच्या तोंडाशी आमची गाडी किटलीसारखी वाफा सोडायला लागली. बायका जमल्या. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज तो चूल्हो ई कोनी बळै, अर थे आखी मोटर बाळ दी!" (आज चूल पेटत नाही आणि तुम्ही अख्खी मोटार पेटवलीत, असं.) रत्नमालाबाई गाडीच्या वतीने स्वतःचे कान पकडू लागल्या. मग बायकांनी बॉनेटला कुंकू लावलं, पुढ्यात ताकातल्या बाजरीची थंड राबडी ठेवली. देवीचं वाहन गाढव असल्यामुळे आमच्या वाहनाला माफी लवकर मिळाली. घरी आलो ते ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून.

पाण्याचा पंप गेला होता. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं (कादंबरीपेक्षा बरं, उगाच कोणी रडत नाही). विलायतेहून नवा मागवावा, तर येईपर्यंत पुढचा बासोडा. जुन्यालाच नवं बेअरिंग घालावं, तर त्याचं अंगच तडकलेलं. राहिला अ‍ॅम्बॅसडरचा. ही गोरी आणि आपली अ‍ॅम्बॅसडर यांची इंजिनं एकाच घराण्यातली म्हणे. आमचे मिस्त्री गिरधारीजी म्हणाले, "भाभीजी, मौसेरी बहनें हैं, एक की चप्पल दूसरी को आ जाएगी." आली, पण पंपावर बसणारा पंखा जरा पुढे आला. तो रेडिएटरला घासेल असं मला वाटलं, मिस्त्रींना वाटेना. मी घरातून कणकेचा गोळा आणून पात्याला चिकटवला आणि पंखा हाताने फिरवला. गोळ्याचा पापड झाला. मिस्त्री पंप उचलून लेथवर गेले, पंखा मागे सरकला, आणि दुसऱ्या खेपेला गोळा गोळाच राहिला. "पंप तो बैठ गया," ते म्हणाले, "अब इसी आटे के दो फुलके भी सेंक दीजिए."

मग आमेरपर्यंत एकटीच जाऊन आले. उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. वन्सं, गाडीत एक गंमत होते. मी बसते ती यांची जागा, आणि शेजारी रिकामी राहते ती माझी. घरात उलटं असतं. येताना मी बरीच जोरात आले.

तर गाडी विकायला अगदी तयार आहे. मोठ्यांचा शब्द मोडायची आपल्या घरात पद्धत नाही.

तुमची
गिरिजा

ता. क. पत्र टाकायच्या आत गिऱ्हाईक येऊन गेलं. श्रीपादराव, भला माणूस. आमेरच्या चढावर डोळे मिटून बसले होते, तरी उतरल्यावर मागाल ती किंमत देतो म्हणाले. तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून सांगितलं, की गाडी सासरची, वन्संचा शब्द शेवटचा. तेव्हा कृपा करून तुम्ही कडक शब्दांत नकार कळवावा. तुम्ही एकदा नाही म्हटलंत की पुन्हा विचारायची कोणाची छाती होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. होकारच द्यायचा असेल, तर पत्राने नको, स्वतः येऊन सांगा. स्टेशनवर मी घ्यायला येईन. सामान थोडं आणा आणि अंबाडा घट्ट बांधा.