आधी सह्या, मग चहा

आई,

मी कामावर निघाले. अकराला तुमचा लेक येईल. घराचं कर्ज कमी व्याजाच्या बँकेत न्यायचंय, त्या कागदांवर त्याच्या सह्या हव्यात. बायकोला आणि आईला टाकून गेला, तरी घर अजून माझ्या आणि त्याच्या नावावर आहे. जिथे फुल्या केल्यात तिथे सही. सगळ्या होईपर्यंत चहासुद्धा टाकू नका. मागच्या वेळी तुम्ही पोटभर जेवू घातलंत आणि साहेब ‘नंतर बघू’ म्हणत ढेकर देऊन गेले.

‘घर विकू, आई, तू माझ्याकडे ये’ म्हणेल. ‘कधी येऊ?’ म्हणून त्याला तारीखच विचारा.

हप्ता कमी झाला नाही तर हे घर जाईल आणि मी भाड्याच्या एका खोलीत. तिथेही तुमची खाट आधी लागेल. पण हे खाटेचं त्याला सांगू नका. आई आपल्या गळ्यात पडणार नाही हे कळलं, मग तो कशाला सही करतोय!

तुमची सून