कोरा मांजरपाट

२४ सप्टेंबर २००६, आंजी

आज शोभाबाईंच्या घरी नर्स म्हणून रुजू झाले. स्वतंत्र खोली, आल्या आल्या बेसनाचा लाडू. मी तर जाम खूश! पुढे कापडाचं दुकान, मागे घर. बाईंचे यजमान वासुदेवराव, म्हणजे काकाजी. कंपवातासाठी मुंबईला त्यांच्या मेंदूत तारा बसवल्यात, छातीत कातडीखाली बॅटरी. रिमोटने करंट कमी-जास्त होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचा नाही, असं त्यांनी बजावलंय.

२९ सप्टेंबर

काकाजी फार गोड माणूस. दुकानाची रीत सांगत होते. कफनाच्या मांजरपाटाला कात्री लावायची नाही, हातानेच फाडायचा. आता हात थरथरतात, म्हणून मुलगा योगेंद्र फाडतो. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

२ ऑक्टोबर, दसरा

मुहूर्ताचं कापड स्वतः कापायचं म्हणून काकाजी सकाळपासून मागे लागले होते. "अंजू, आजच्या दिवस वाढव न वं. कोणाले नाई सांगत मी." वाढवला. दोन टप्पे. हात असा स्थिर, की सुईत दोरा ओवावा! बाई रडल्याच. देव पावला म्हणाल्या आणि मला साडी दिली. मी घेतली.

५ ऑक्टोबर

करंट अजून उतरवला नाही. रोज उद्यावर ढकलते. काकाजी झोपत नाहीत, थकत नाहीत, सारखे हसतात. डॉक्टरांचा फोन आला, मी सगळं ठीक सांगितलं. स्वतःचीच लाज वाटते.

८ ऑक्टोबर

दुपारभर मांजरपाट फाडतायत. तुकड्यांवर निळ्या खडूने नावं. शोभा. योगेंद्र. विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाईक मागून राह्यले न. पाह्य, किती गर्दी हाय." दुकानात कुणीच नव्हतं.

बाईंना सांगायला हवं. पण मग ते दोन टप्पेही सांगावे लागतील—

१० ऑक्टोबर, चतुर्थी

काकाजी सोडून सगळे केळझरला गणपतीला गेलेत. मीच आग्रह केला. म्हटलं, मागे गुपचूप करंट उतरवू, कुणाला कळणार नाही. किती हलकट मी.

रिमोट खणात नाही. काकाजींच्या खिशात आहे.

नवा तुकडा. त्यावर अंजू—

खोलीला कडी लावून लिहितेय. बाहेर फाडतायत. दाराशी येऊन मायेने म्हणाले, "तुह्याच्यानं हे हात आले, पोरी. पयला मान तुहा."

फाडणं थांबलं.

कडी हलतेय. हात जराही थरथरत नसणार—

बाई, देव नव्हता पावला. दोन टप्पे. मीच वा—