कोपऱ्यातली टोपी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण ही खुर्ची चाकांची आहे, वाकलं की पळते. तेव्हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. गुडघे कसे आहेत? पत्र आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो, हे कबूल. कारण सांगायला गेलो तर त्याचंच एक पत्र होईल (झालंच आहे म्हण).

तू तुझ्या मैत्रिणीकडे, म्हणजे आमच्या बाईंकडे, शब्द टाकलास आणि मी चिकटलो. बोटी रंगवणं, पाव भाजणं, सर्कशीचे तंबू ठोकणं, त्यापेक्षा हे काम हलकं. बाई घरांचे नकाशे काढतात. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, पण पहिलवान. (तो कामाला लागला की तापतो, मग मी त्याच्यावर मोजे वाळवतो. हे बाईंना सांगू नकोस.) बाई, त्यांचा नकाशेवाला, ज्याला सगळे कासव म्हणतात, आणि रंग ठरवणारी वावटळ, असे तिघं आपापल्या घरून, इंटरनेटवरून जोडून घेऊन, ह्याच कॉम्प्युटरवर काम करतात. मी इथे बटण दाबायला आणि धूळ पुसायला.

अडचण अशी, की तिघांना पडदा एकच आणि माउसचा बाणही एकच. दोघांनी एकदम हलवला की तो झिंगल्यासारखा चालतो. दुरुस्तीवाला म्हणाला, प्रत्येकाची वेगळी सोय करून देतो. बाई म्हणाल्या, "एका घरात तीन चुली नकोत." मग नियम झाला: काम करणाऱ्याने पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या टोपीचं चित्र ठेवायचं. टोपी असेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही.

आज कासव टोपी तशीच ठेवून आंघोळीला गेला. उद्या घरमालक नकाशा बघायला येणार, आणि वावटळ मला फोनवर म्हणते, "अरे, हा नाहून येईपर्यंत घर जुनं होईल." मला दया आली. टोपी काढली. त्यासरशी ती आणि बाई एकदमच धावल्या. एकीने भिंत ओढली, दुसरीने खिडकी, आणि जिना थेट न्हाणीघरात उतरला. तेवढ्यात कासव परतला. टोपी आपलीच आहे ह्या भरवशावर (कोपऱ्यात बघतो कोण?) तो झालेलं एकेक मागे घेत सुटला. घर गेलं, कुंपण गेलं, उरली मोकळी जमीन. भांडण मिटावं म्हणून मी कॉम्प्युटरची वायरच उपटली. सकाळपासूनचं सगळं काम पाण्यात. बाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझं बघते नंतर." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकी क्षेम. तिघं आपापल्या घरी रागावून कामावरून उठून गेलेत, म्हणून वायर परत लावून हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय. कोणी मधे येऊ नये म्हणून टोपी ठेवली आहे.

तुझा भटका भाचा

ता. क. खरं काम हे, की बाईंना फोन कर आणि वायर उंदराने कुरतडली म्हणून सांग. तुझ्या शब्दाखातर त्या उंदीरसुद्धा ठेवून घेतील. आत्या, आयुष्यात पहिल्यांदाच एका जागी बसावंसं वाटतंय गं.

आणखी एक ता. क. बाण हलतोय. मी तर हात मांडीखाली घेतलेत. चाल झिंगल्यासारखी आहे, म्हणजे आत एकटं कोणी नाही. खाली अक्षरं उमटतायत:

"आम्ही तिघं मघापासून टोपी निघायची वाट बघतोय. नकाशा पुन्हा काढायचाय. उंदीर खोड, आत्याला नमस्कार लिही, टोपी काढ. उद्या वेळेवर ये. आणि मोजे उचल."